प्रत्यक्षदर्शी साक्षीचे मोल : विवेचन व वर्गपाठ

प्राथमिक शाळेत शिक्षकास दररोज शिकवावे लागते, तसाच दररोज न्यायही करावा लागतो. मधल्या सुट्टीत कोणाची पाटी फुटते, कोणाचा डबा सांडतो, कोणाची पेन्सिल हरवते. आणि सुट्टी संपताच दोन-चार मुले तक्रार घेऊन टेबलापाशी उभी राहतात. शिक्षकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणी पाहिले?" एखादा हात वर होतो, मग आणखी तीन होतात, आणि त्या हातांच्या भरवशावर कोणाला तरी दोषी ठरविले जाते. हा निर्णय पाच मिनिटांत होत असला तरी ज्या मुलाविरुद्ध तो जातो त्याच्या मनात तो पुष्कळ वर्षे राहतो. निर्णय चुकीचा असेल, तर शाळेत खरे बोलून उपयोग नाही असा धडा ते मूल शिकते. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसतो आणि पुसून टाकणेही सोपे नसते. यास्तव पाहिलेल्या गोष्टीचा पुरावा किती बळकट असतो, तो कोठे दुबळा पडतो आणि त्याची पारख कशी करावी, याचा विचार शिक्षकाने एकदा नीट करून ठेवणे अगत्याचे आहे.

पाहणारा आणि ऐकणारा

डोळे आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपल्याकडे म्हणतात. देखीव गोष्ट आणि ऐकीव गोष्ट यांतील भेद लोकव्यवहाराने फार पूर्वी ओळखला होता, हेच या म्हणण्यावरून दिसते. शास्त्रकारांनीही या भेदाचा काटेकोर विचार केला. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. स्वतःच्या इंद्रियांनी होते ते प्रत्यक्ष. दुसऱ्याच्या सांगण्यावरून होते ते शब्द. पण वाटेल त्याचे सांगणे प्रमाण नव्हे, आप्ताचे सांगणे प्रमाण. आप्त म्हणजे नातलग, असा अर्थ येथे नाही. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. भाष्यकार वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू होते असे स्पष्ट केले आहे. साक्षीदार कोण्या घरचा आहे हे पाहावयाचे नाही. त्याला ठाऊक आहे काय आणि तो जसेच्या तसे सांगतो काय, हेच पाहावयाचे. वर्गातील हुशार मुलाचा शब्द खरा आणि मागच्या बाकावरच्या मुलाचा शब्द खोटा, असे गृहीत धरण्याची सवय ज्याला लागली असेल, त्याने हे लक्षण पुन्हा पुन्हा आठवावे.

आपल्या देशाचा कायदाही याच पायावर उभा आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने असा दंडक घालून दिला की, जी गोष्ट पाहता येण्यासारखी होती तिच्याविषयीची तोंडी साक्ष, ती आपण पाहिली असे म्हणणाऱ्यानेच दिली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अंमलात आला. तथापि हा दंडक त्यातही कायम आहे. त्याचे कारण समजण्यास सोपे आहे. ज्याने स्वतः पाहिले त्याला उलट प्रश्न विचारता येतात : तू कोठे उभा होतास? मध्ये काय होते? उजेड होता काय? ज्याने केवळ ऐकले, त्याला यांपैकी एकही प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. ऐकीव गोष्ट नेहमी खोटीच असते असे नाही. पण तिची तपासणी करता येत नाही, हा तिचा मोठा दोष होय.

दुसरा एक दंडक शिक्षकास विशेष उपयोगी आहे. एखादी गोष्ट शाबीत करण्यास अमुक इतके साक्षीदार हवेतच, असे आपला कायदा म्हणत नाही. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने वडिवेलु थेवर यांच्या खटल्यात हे तत्त्व विशद केले. साक्षीदार मोजावयाचे नसून साक्ष तोलावयाची असते, असे त्याचे सार आहे. न्यायालयाने साक्षीदारांचे तीन वर्ग केले : पूर्णपणे विश्वसनीय, पूर्णपणे अविश्वसनीय, आणि या दोहोंच्या मधले. पहिल्या दोन वर्गांविषयी निर्णय अवघड नसतो. तिसऱ्या वर्गातील साक्षीस मात्र दुसरा स्वतंत्र आधार शोधावा लागतो. आणि व्यवहारात बहुतेक साक्षीदार या तिसऱ्याच वर्गात मोडतात.

वर्गात याचा अर्थ असा की, पाच मुलांनी हात वर केले म्हणजे पाच साक्षी झाल्या असे समजू नये. ती पाचही मुले तक्रारीपूर्वी एका झाडाखाली बसून बोलली असतील, तर ती एकच साक्ष पाच तोंडांनी बोलत आहे. उलट, कोणाशीही न बोललेल्या एकट्या मुलीने व्हरांड्यातून जे पाहिले, ते त्या पाचांहून अधिक मोलाचे असू शकते.

साक्ष कोठे बिघडते

साक्षीदार चुकीचे बोलला म्हणजे तो खोटे बोलला, असा समज सर्वत्र आहे. पण तो बरोबर नाही. प्रामाणिक मनुष्याची साक्षही तीन ठिकाणी बिघडते : पाहताना, आठवताना आणि सांगताना.

पाहताना बिघडते ती अंतरामुळे, उजेडाच्या अभावी, भीतीमुळे किंवा लक्ष दुसरीकडे असल्यामुळे. संधिप्रकाशात दोरीस साप समजणाऱ्याचा दृष्टान्त सर्वांस परिचित आहे. त्या माणसाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही. शंका त्याच्या दिसण्याविषयी आहे. शिवाय डोळ्यासमोर घडलेले सर्वच मनुष्य पाहत नाही. पाटी फुटल्याचा आवाज झाल्यावर ज्यांनी माना वळविल्या, त्यांनी फुटलेली पाटी पाहिली आणि तिच्याजवळ उभा असलेला मुलगा पाहिला. पाटी कशी फुटली हे त्यांनी पाहिलेच नाही. तरीही "गुरुजी, ह्यानेच फोडली, आम्ही पाहिले" असे ती मुले निःशंकपणे सांगतात. अनुमानाला ती प्रत्यक्ष समजतात, इतकेच.

आठवताना बिघडते ती अधिक सूक्ष्म रीतीने. स्मरण म्हणजे पेटीत ठेवलेले वस्त्र नव्हे की केव्हाही काढावे आणि जसेच्या तसे मिळावे. प्रत्येक वेळी आठवताना मन ती गोष्ट पुन्हा रचते, आणि रचताना मागाहून कानावर पडलेले शब्द तीत मिसळतात. अमेरिकेतील एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा छोटा चित्रपट दाखविला. नंतर ५० जणांना मोटारी एकमेकींवर "आदळून चक्काचूर झाल्या" अशा अर्थाचे क्रियापद वापरून त्यांचा वेग विचारला. दुसऱ्या ५० जणांना साधे "धडकल्या" असे म्हणून विचारला. उरलेल्या ५० जणांना वेगाविषयी काहीच विचारले नाही. एका आठवड्यानंतर सर्वांना विचारले, "फुटलेली काच दिसली होती काय?" चित्रपटात फुटलेली काच मुळीच नव्हती. तरीही पहिल्या गटातील १६, दुसऱ्यातील ७ आणि तिसऱ्यातील ६ जणांनी ती दिसली असे सांगितले. प्रश्नातील एका शब्दाने न पाहिलेली काच आठवणीत आणली! विचारणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे की, प्रश्न विचारून तो केवळ उत्तर मिळवीत नाही. तो समोरच्याची आठवणही घडवीत असतो.

सांगताना बिघडते ती भिडेमुळे, रागामुळे, वडीलधाऱ्यास काय ऐकावयाचे आहे याचा अंदाज बांधल्यामुळे, आणि पुन्हा पुन्हा सांगण्यामुळे. प्रत्येक सांगण्यात गोष्टीचे कोपरे घासले जातात आणि सांगणाऱ्याची खात्री वाढत जाते. म्हणून ठासून सांगणे हा सत्याचा पुरावा नव्हे. पहिल्या वेळी, कोणाच्याही सूचनेवाचून दिलेल्या उत्तरातील खात्रीला काही मोल आहे. दहाव्या वेळच्या खात्रीला फारसे नाही. अमेरिकेत १९८९ पासून जनुकीय चाचणीच्या आधारे अनेक शिक्षा झालेले कैदी निर्दोष ठरून सुटले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या प्रकरणांत प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने चुकीच्या माणसास ओळखले होते. त्या साक्षीदारांपैकी पुष्कळजण प्रामाणिक होते आणि न्यायालयात त्यांनी पूर्ण खात्रीने बोट दाखविले होते, ही गोष्ट प्रत्येक परीक्षकाने स्मरणात ठेवण्यासारखी आहे.

एका मराठी साक्षीदाराची परीक्षा

इतिहासाच्या अध्यापनात या विचाराचा उपयोग कसा होतो, हे पाहण्यास विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या "माझा प्रवास" या ग्रंथाहून चांगले उदाहरण मराठीत क्वचितच मिळेल. पेण तालुक्यातील वरसई गावचे हे भिक्षुक ब्राह्मण, घरचे कर्ज फिटावे म्हणून, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे करणार असलेल्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, १८५७ साली काकांसह उत्तरेकडे निघाले. वाटेत त्यांना बंडाने गाठले. पुढे ते झाशीस राहिले आणि मार्च १८५८ च्या अखेरीस सर ह्यू रोझच्या फौजेने शहराला वेढा घातला तेव्हा ते तटबंदीच्या आतच होते. ३ एप्रिल रोजी इंग्रज फौज शहरात शिरली; त्यानंतरची लूट आणि कत्तल त्यांनी लपतछपत अनुभवली. नंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाईंची गाठ पडल्याची हकीकतही त्यांनी दिली आहे. शस्त्र न धरलेल्या, कोणत्याही पक्षाचा पगार न खाणाऱ्या माणसाने लिहिलेले असे वर्णन फार दुर्मिळ आहे.

आता या साक्षीची पारख करावी. पहिला प्रश्न : साक्षीदार तेथे होता काय? झाशीच्या वेढ्यात होता. म्हणून तोफांचे गोळे पडताना लोकांची झालेली दैना, पाण्यावाचूनचे हाल आणि कत्तलीच्या दिवसांतील भय यांविषयी त्याचा शब्द प्रथम दर्जाचा. पण कानपूर येथील प्रसंग किंवा बंडाची मूळ कारणे यांविषयी तो जे सांगतो ते वाटेत भेटलेल्या शिपायांकडून व प्रवाशांकडून ऐकलेले आहे. त्या हकीकतींचे मोल निराळे : काय घडले याचा तो पुरावा नव्हे, परंतु त्या काळी लोक काय बोलत होते याचा तो उत्तम पुरावा आहे. एकाच पुस्तकातील दोन पाने दोन वेगळ्या वजनांनी तोलावी लागतात, ही गोष्ट येथे मुलांनाही कळू शकते.

दुसरा प्रश्न : पाहणे आणि लिहिणे यांत किती काळ गेला? विष्णुभटांनी हा वृत्तान्त चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिला, तो घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. एवढ्या काळात तारखा, अंतरे आणि संख्या निसटतात. भीती, तहान आणि चेहरे मात्र टिकतात. त्यामुळे त्यांनी दिलेला दिवस किंवा सैन्याचा आकडा अन्य कागदांशी ताडून पाहावा, आणि अनुभवाच्या भागाला अधिक विश्वासाने जवळ करावे.

तिसरा प्रश्न : ती साक्ष आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आली? १९०७ साली वैद्यांनी हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी भाषेत फेरफार केले आणि काही भाग गाळला. मूळ हस्तलिखितावरून तयार केलेली संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. सुमारे साठ वर्षे मराठी वाचक विष्णुभटांचे म्हणून जे वाचीत होते, त्यात संपादकाचाही हात होता. साक्षीदार एक आणि साक्ष लिहून घेणारा दुसरा असला की दोघांचीही परीक्षा करावी लागते.

चौथा प्रश्न : दुसरे कोणी पाहणारे होते काय? राणी लक्ष्मीबाईंना ग्वाल्हेरजवळ वीरमरण आले, त्याची तारीख काही वृत्तान्तांत १७ जून १८५८ तर काहींत १८ जून १८५८ अशी मिळते. घटना निर्विवाद आणि तारीख वादग्रस्त, असे इतिहासात अनेकदा होते. तपशिलात फरक पडला म्हणून सबंध घटनाच खोटी ठरत नाही. उलट, स्वतंत्र साक्षीदारांत किरकोळ फरक असणे हेच स्वाभाविक. सर्वांचे शब्द अक्षरशः जुळले, तर त्यांनी पाठ केले आहे काय अशी शंका घ्यावी.

चौथीच्या वर्गासाठी शिवचरित्रातूनच असे उदाहरण देता येईल. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस सोनेरी भाल्यांवर लावलेली मत्स्यमुखे, अश्वपुच्छे आणि न्यायाचे चिन्ह म्हणून लावलेला सोन्याचा तराजू त्याने पाहिला. दारापाशी उभे असलेले दोन लहान हत्ती पाहून, एवढ्या बिकट वाटेने ते गडावर आले कसे, याचे त्याला नवल वाटले. हे नवल म्हणजे खरोखर पाहिल्याची खूण होय. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, राज्याभिषेकानंतर वीस-बावीस वर्षांनी लिहिली; सिंहासन बत्तीस मण सोन्याचे होते असे तो सांगतो. डोळ्याला सिंहासन दिसते, त्याचे वजन दिसत नाही. वजनाचा प्रश्न डोळ्याच्या कक्षेत येतच नाही. तो हिशेबाच्या कागदाचा प्रश्न आहे. याउलट, परक्या वकिलास विधींचा अर्थ दुभाष्याकडूनच कळणार. त्या बाबतीत घरचा सभासद अधिक जाणता. कोणता साक्षीदार कोणत्या गोष्टीपुरता विश्वसनीय, असेच विचारावे; "कोण खरा?" हा प्रश्न अपुरा आहे.

वर्गपाठ

इयत्ता : चौथी किंवा पाचवी. वेळ : दोन तासिका. साहित्य : फळा, खडू, कोरे कागद. उद्देश : पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले यांतील भेद मुलांस स्वतःच्या अनुभवावरून कळावा.

पहिली तासिका. नेहमीचा पाठ चालू असताना शेजारच्या वर्गातील शिक्षकांनी हातात छत्री घेऊन आत यावे, "आजचे टपाल आले का?" असे विचारावे, टेबलावर एक वही ठेवावी, डस्टर उचलावे आणि निघून जावे. एकशिक्षकी शाळेत हे काम पोषण आहार शिजविणाऱ्या ताई किंवा गावातील एखादे पालक करू शकतील. प्रसंग साधा असावा. भांडण, आरडाओरड किंवा भीती वाटेल असे काही मुळीच करू नये. दहा मिनिटे पाठ तसाच चालू ठेवून मग मुलांस कागद द्यावेत व एकमेकांशी न बोलता प्रसंग लिहावयास सांगावे. कागदाच्या शेवटी निम्म्या मुलांस प्रश्न द्यावा : "त्यांच्या हातात काय होते?" उरलेल्या निम्म्यांस द्यावा : "त्यांच्या पिशवीचा रंग कोणता होता?" पिशवी नव्हतीच, तरी काही मुले तिचा रंग लिहितील.

कागद गोळा करून, नावे न घेता, उत्तरे फळ्यावर मांडावीत. कोणी चुकले म्हणून हसू होऊ देऊ नये. गुरुजींनी आपल्याला फसविले, असे मुलांना वाटता कामा नये. म्हणून प्रयोगाचा हेतू लगेच उलगडून सांगावा. चूक डोळ्यांची नव्हती, प्रश्नाने वाट चुकविली, हे त्यांच्याच उत्तरांवरून त्यांना दाखवावे.

दुसरी तासिका. फळ्यावर तीन रकाने आखावेत : "पाहिले", "ऐकले", "वाटले". विष्णुभटांची किंवा ऑक्झिंडेनची हकीकत शिक्षकाने आपल्या शब्दांत सांगावी आणि प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात जाते ते मुलांनी ठरवावे. मतभेद झाला तर उत्तमच. कारण सांगावयास लावावे.

घरचा अभ्यास. घरातील किंवा शेजारच्या वृद्ध माणसास त्यांनी स्वतः अनुभवलेली एक मोठी घटना विचारून यावी. १९७२ चा दुष्काळ, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप किंवा ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांविषयी सांगणारे लोक अनेक गावांत भेटतील. मुलांनी तीनच प्रश्न विचारावेत : "तेव्हा तुम्ही कोठे होता? तुम्ही स्वतः काय पाहिले? मागाहून काय ऐकले?" किल्लारीचा भूकंप अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर पहाटे झाला, पुष्कळांना इंग्रजी तारीख आठवणार नाही, पण गणपती बोळवून झोपलो होतो हे आठवेल. अशा सणाला बांधलेल्या आठवणी टिकाऊ असतात आणि त्यांवरून तारीख पडताळता येते, हे मुलांस दाखवून द्यावे. ज्या घरात माणसे गमावली असतील तेथे मात्र आग्रह करू नये.

मुलांच्या तक्रारी तपासताना

मुलांची साक्ष क्षुद्र मानू नये. साक्षीदारास विचारलेले समजते काय आणि तो समंजस उत्तर देऊ शकतो काय, एवढेच कायदा पाहतो. वयाची किमान मर्यादा त्याने घातलेली नाही. तथापि लहान मूल वडीलधाऱ्याच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखण्याचा प्रयत्न करते. म्हणून विचारणाऱ्याची जबाबदारी वाढते.

"गण्यानेच ढकलले ना?" हा प्रश्न नव्हे, तो निकाल आहे, मुलाची केवळ संमती मागितली आहे. न्यायालयातही स्वतःच्या साक्षीदारास असे सूचक प्रश्न विचारण्यावर बंधन आहे. त्याऐवजी "बाळ, काय काय झाले ते पहिल्यापासून सांग" असे म्हणावे आणि मूल थांबेपर्यंत मध्ये बोलू नये. मुलांस एकेकटे, परंतु सर्वांच्या दृष्टीस पडेल अशा जागी विचारावे. "ठाऊक नाही" हे उत्तर मान्य आहे, असे आरंभीच सांगावे. तोच प्रश्न पुन्हा विचारला तर आपले पहिले उत्तर चुकले असे मुलास वाटते व ते उत्तर बदलते. म्हणून पुनरुक्ती टाळावी. दूर उभा होता की जवळ, मध्ये भिंत होती काय, हे जागेवर जाऊन पाहावे. निर्णयापूर्वी, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर "नक्की कळले नाही" असे वर्गात सांगण्यात कमीपणा नाही. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाने मनाई आहेच. संशयावरून अपमान करणे हेही त्याच वाटेवरचे आहे.

एका बाबतीत मात्र शिक्षकाने तपास करू नये. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका येण्यासारखे काही कानी आले, तर २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियमाप्रमाणे ते पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. मूल जे आपण होऊन सांगेल ते शांतपणे ऐकावे, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे, धीर द्यावा आणि लगेच कळवावे. खोदून खोदून विचारल्याने मुलास यातना होतात आणि साक्षही गढूळ होते. घटना दाबण्यासाठी गावात बैठक घेणे तर दूरच राहिले पाहिजे.

शिक्षकाची स्वतःची साक्ष

शिक्षक हा स्वतःही साक्षीदार असतो. जनरल रजिस्टरातील प्रत्येक नोंद ही त्याची लेखी साक्ष होय. महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेली माणसे गावोगाव आढळतात. ती सर्व त्या दिवशी जन्मली नाहीत. पालकांस तारीख सांगता आली नाही आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली. हेतू वाईट नव्हता. पण कोणीही न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी कागदावर आली आणि तीवरच नोकरी, निवृत्ती व वारसा यांचे निर्णय झाले. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, शाळेच्या रजिस्टरातील जन्मतारखेची नोंद ज्याने केली किंवा ज्याने ती तारीख सांगितली त्याची साक्ष झाल्यावाचून त्या नोंदीस पुराव्याचे मोल येत नाही. दुसरीकडे, २०१५ च्या बालन्याय अधिनियमात वय ठरविताना शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्यास प्रथम स्थान दिले आहे. मुलगा बालक ठरतो की नाही, हे एखादे वेळी शिक्षकाच्या एका ओळीवर अवलंबून राहते. म्हणून जन्मदाखला असेल तर त्यावरूनच नोंद करावी. नसेल तर तारीख कोणी, कोणत्या आधारे सांगितली ते प्रवेश अर्जावर लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. दाखला नाही म्हणून प्रवेश मात्र नाकारू नये. हजेरीपटावर गैरहजर मुलास हजर मांडणे, किंवा न पाहिलेल्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही करणे, हेही खोट्या साक्षीचेच प्रकार आहेत.

सारांश असा. प्रत्यक्षदर्शी साक्ष हा पुराव्याचा श्रेष्ठ प्रकार आहे. कारण तिच्यामागे एक मनुष्य उभा असतो आणि त्याला विचारता येते. तो मनुष्य असल्यामुळेच तो चुकूही शकतो. म्हणून चार गोष्टी पाहाव्यात : तो तेथे होता काय, त्याला दिसण्यासारखे होते काय, पाहणे आणि सांगणे यांत किती काळ व कोणाचे शब्द आले, आणि दुसरा स्वतंत्र आधार आहे काय. हे चार प्रश्न ज्या वर्गात नित्य विचारले जातात, तेथील मुले मोठी झाल्यावर ऐकीव गोष्टीवरून पराचा कावळा करणार नाहीत, भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर पाहिल्याशिवाय पुढे पाठविणार नाहीत, आणि गावात कोणावर आळ आला तर प्रथम शांतपणे विचारतील, "कोणी पाहिले?" आणि लगेच दुसरा प्रश्नही विचारतील, "कोठून पाहिले?"